कैसरचा नंबर

रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी आणि डोनट मिळतात, तेव्हा माणसाने तोंड फक्त खाण्यासाठी उघडावं. मी बोलण्यासाठी उघडलं आणि पुढचं सगळं रामायण झालं.

त्या रविवारी नदीपलीकडच्या शहरातून प्रुइटबाई नावाच्या डॉक्टर आल्या होत्या. जनावरांच्या डॉक्टर. वयाने लहान, पण बोलणं असं की समोरच्याने आपोआप खिशातले हात बाहेर काढावेत. येत्या शनिवारी आमच्याच हॉलमध्ये कुत्र्यामांजरांचं नसबंदी शिबिर भरणार होतं, बाहेरच्या दवाखान्याच्या मानाने अगदी किरकोळ खर्चात. वर्षातून दोनदाच त्यांची गाडी आमच्या बाजूला येते. "बायका आणतात हो जनावरं," प्रुइटबाई म्हणाल्या, "पण तुमच्याकडचे पुरुष नर कुत्र्याला हात लावू देत नाहीत. जणू काही त्यांचंच..." वाक्य त्यांनी सभ्यपणे अर्धवट सोडलं. हॉलमधले यच्चयावत पुरुष आपापल्या कॉफीत काहीतरी शोधू लागले.

मी उभा राहिलो. मी, ऑथमार बेट्झ, आमच्या न्यू वाइलर गावच्या फर्निचर कारखान्यात निवृत्त होईपर्यंत खुर्च्या तपासत होतो. माझी सही झाल्याशिवाय खुर्ची दक्षिण इंडियानाच्या बाहेर पडत नसे. खोट दिसली की ती मोठ्याने बोलून दाखवायची, हा माझा धर्म होता, आणि निवृत्तीबरोबर धर्म सुटत नाही. मी म्हणालो की हा शुद्ध मागासलेपणा आहे, नर कुत्र्याची नसबंदी ही गावाची जबाबदारी आहे, आणि पुरुषांना समजावण्याचं काम माझ्यावर सोपवावं. टाळ्या पडल्या. शेजारी माझी बायको लॉरेटा बसली होती. तिने टाळी वाजवली नाही, काही बोललीही नाही, फक्त आणखी एक डोनट घेतला. लॉरेटाच्या गप्प बसण्याने आजवर माझं कधी भलं झालेलं नाही, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

इथे एक खुलासा करणं भाग आहे. आमच्याकडे कैसर नावाचा कुत्रा आहे. निम्मा बीगल, उरलेला देव जाणे. एक कान उभा, दुसरा पडलेला, आणि मागचा डावा पाय मोजा चढवल्यासारखा पांढरा. त्याचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. यात तत्त्वाचा प्रश्न नव्हता, सवडीचा होता. आधी तो लहान होता. मग शिकारीचा हंगाम आला. मग माझा गुडघा धरला. नंतर सवड झाली तर त्याच्या डोळ्यांत बघून तसला निर्णय घेणं मला जमेना. याला कोणी लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणेल. म्हणो. घरची बाब वेगळी आणि सार्वजनिक कार्य वेगळं, एवढं तरी लोकांना कळायला पाहिजे.

गुरुवारी शेजारच्या ओटिलिया श्वेंक कुंपणाशी आल्या. ऐंशीला टेकलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घर विकून त्या सोमवारी जिल्ह्याच्या गावी, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या घरकुलात राहायला जाणार होत्या. त्यांच्या पायाशी ट्रूडी होती. ट्रूडी म्हणजे तपकिरी रंगाची, लांबुडकी, जमिनीला पोट टेकेल की काय असं वाटणारी कुत्री.

"तिथे एक जनावर ठेवू देतात," ओटिलिया म्हणाल्या, "पण ऑपरेशन झालेलंच पाहिजे. नाहीतर नाही."

"आणि नाही झालं तर?"

"तर मुलगा घेऊन जातो म्हणतोय. त्याच्या बायकोला घरात कुत्र्याचा एक केस चालत नाही. तो हिला कुठे नेऊन सोडेल ते मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे. आम्ही दोघं तो विषय काढत नाही." मग त्या म्हणाल्या, "शनिवारी शिबिरात तू आहेस ना? मग मला घोर नाही."

मी म्हणालो, निर्धास्त राहा. हे वाक्य मी खुर्च्यांच्या बाबतीत हजारदा बोललो होतो आणि एकदाही तोंडघशी पडलो नव्हतो.

शनिवारी पहाटे मी गळ्यात शिटी अडकवून निघालो. कैसर रिकाम्या वाडग्यापाशी बसून माझ्याकडे बघत होता. लॉरेटा म्हणाली, "तू जा. त्याचं मी बघते." मी गेलो. इतका भोळा नवरा तिला दुसरा मिळाला नसता.

हॉलच्या अंगणात ऑपरेशनची लांबलचक पांढरी गाडी उभी होती. प्रुइटबाईंनी माझी शिटी हसतमुखाने काढून घेतली आणि मला पंजाचं चित्र असलेला नारिंगी एप्रन दिला. एप्रनच्या खिशात, कुत्र्यांनी जमिनीवर जे काही केलं असेल ते उचलण्याच्या पिशव्या होत्या. मी म्हणालो, "मी समजावण्याच्या कामावर आहे." त्या म्हणाल्या, "समजावताना वाकता येतं की." आलेल्या प्रत्येक जनावराच्या गळ्यात कागदी नंबर बांधायचा, आणि रात्रीपासून पोट रिकामं आहे ना हे विचारायचं. पोटात अन्न असेल तर भूल दिल्यावर ते उलटून छातीत जातं आणि जनावर दगावतं. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली.

पण आमच्या गावात हॉल उघडला आणि चूल पेटली नाही, असं कधी घडलेलं नाही. लग्न असो, मयत असो की फुटलेल्या पाइपावरची तातडीची सभा असो, बर्निस हजर असते. स्वयंपाकघर बर्निसच्या ताब्यात आहे. फादर बदलतात, बर्निस बदलत नाही. ती पहाटेपासून सॉसेज भाजत होती. उपाशी कुत्र्यांची रांग आणि भाजल्या सॉसेजचा वास, यातून काय होणार हे सांगायला डॉक्टर लागत नाही. कुत्री रडू लागली. एका कुत्र्याने मालकिणीला खुर्चीसकट स्वयंपाकघराकडे ओढत नेलं. खुर्ची आमच्या कारखान्याची होती. पाय निखळला नाही, याची मी अभिमानाने नोंद घेतली.

प्रुइटबाई म्हणाल्या, "हे बंद करा."

बर्निस म्हणाली, "बाई, या हॉलमधून उपाशी माणूस परत गेलेला नाही. तुम्ही तुमचं कापा, मी माझं भाजते."

शेवटी तडजोड झाली आणि शेगडी बाहेर हिरवळीवर गेली. वारा हिरवळीकडून हॉलकडे वाहत होता, त्यामुळे तडजोड फक्त दोघींच्या समाधानापुरतीच झाली.

मी दारात उभा राहून नंबर बांधत होतो, आणि हळूहळू मला एक विचित्र गोष्ट जाणवू लागली. एका शेतकऱ्याची बायको खोक्यात तीन पिल्लं घेऊन आली. तिघांचाही एक कान उभा आणि एक पडलेला. मी फारसं मनावर घेतलं नाही. मग डाकवाल्याची कुत्री आली, तिचा मागचा डावा पाय पांढरा. त्यानंतर नदीकाठच्या वस्तीवरून आलेला एक दांडगा कुत्रा मला पाहून उगाचच शेपूट हलवू लागला. त्याला कानही तसेच होते आणि पायही तसाच होता. मालकीण म्हणाली, "याचा बाप कोण ते कळलं नाही हो. कोणी मोकाट असेल." मी म्हणालो, "असेलच." आणि नंबर जरा घाईने बांधला.

क्लीटस हे सगळं बघत होता. क्लीटस आमच्या समोरच्या घरात राहतो आणि कुणी न विचारता सल्ला देण्यात त्याचा हात धरणारा गावात नाही. तो स्वतःचा बूमर नावाचा शिकारी कुत्रा घेऊन नुसता गंमत बघायला आला होता. हातात सॉसेज होतंच.

"ऑथमार," तो म्हणाला, "ही मंडळी तुझ्या नात्यातली दिसतात."

"बीगल जातीची ठेवणच तशी असते."

"हो का? मग कैसरचं ऑपरेशन कधी झालं?"

"घरगुती अडचणीमुळे पुढे ढकललंय."

"कुणाची अडचण? तुझी की त्याची?"

रांगेतल्या चार बायका हसल्या. माझ्या एप्रनच्या खिशात त्या पिशव्या होत्या आणि चेहऱ्यावर प्रतिष्ठा कुठून आणावी ते कळेना. अशा वेळी माणूस दुप्पट आवेशाने बोलतो. मी क्लीटसला असं काही सुनावलं की शेगडीपाशीसुद्धा शांतता पसरली. मर्दानगी कुत्र्याच्या कुठल्या अवयवात आहे असं तो समजतो, असं विचारलं. ऑपरेशन झालेल्या कुत्रीच्या पोटावर बारीक हिरवी रेघ गोंदतात, ती त्याला दाखवली आणि म्हणालो, "ही पास झाल्याची खूण. माझ्या सहीसारखी. बूमरच्या पोटावर ती नाही याची तुला लाज वाटली पाहिजे." तेवढ्यात एक मांजर पिंजऱ्यातून निसटलं आणि छताच्या तुळईवर जाऊन बसलं. त्याला उतरवायला शिडी आणली तर ते घंटेच्या मनोऱ्यात गेलं आणि आठाच्या सुमाराला घंटा अवेळी वाजू लागली. दोन म्हाताऱ्या प्रार्थनेला आल्या. मांजर काही हाती लागलं नाही, त्यामुळे दिवसभरातला एक नंबर मोकळा झाला. क्लीटसने माझ्याकडे पाहिलं, बूमरकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बांध. तुझं पटलं मला. कालपासून त्याला खायला घालायचंही राहूनच गेलंय."

आयुष्यात पहिल्यांदा क्लीटसला माझं काही पटलं होतं. मोकळा झालेला एकुलता एक नंबर मी स्वतःच्या हाताने बूमरच्या गळ्यात बांधला. बर्निसने खूश होऊन मला पावात घालून सॉसेज दिलं.

ते पाव-सॉसेज माझ्या हातात असताना ओटिलिया आल्या. चांगला झगा घातलेला, केस नीट विंचरलेले, जणू शाळेत नाव घालायला आल्या होत्या. ट्रूडीची साखळी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "दोन मिनिटं धर. मी जाऊन येते."

ट्रूडी माझ्यासमोर बसली. काही केलं नाही तिने. भुंकली नाही, उडी मारली नाही. नुसती बघत राहिली, सॉसेजकडे नव्हे, माझ्याकडे. आमच्या गावात भुकेल्यासमोर एकट्याने खात नाहीत. हे आम्हाला शिकवावं लागत नाही, हात आपला आपण पुढे जातो. मी त्या वेळी वाऱ्याची दिशा, शेगडीची जागा आणि प्रुइटबाईंचं चुकलेलं नियोजन यांवर विचार करत होतो. माझा हात खाली गेला आणि रिकामा वर आला. अर्धं सॉसेज गेल्यावर मला कळलं की मी काय केलं.

ओटिलिया परत आल्या तेव्हा प्रुइटबाईच दारात होत्या. "शेवटचं कधी खाल्लं हिने?"

"काल रात्री. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही," ओटिलिया म्हणाल्या. त्या खरं बोलत होत्या.

मी गप्प राहिलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. ट्रूडी तोंड चाटत होती, पण कुत्री चाटतातच. मग मला ते छातीत जाणारं अन्न आठवलं. मी म्हणालो, "आत्ता खाल्लं. सॉसेज. मी दिलं."

शिबिराच्या दारावर नेमलेल्या माणसाने, नारिंगी एप्रन घालून, हे वाक्य म्हणायचं म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच ठाऊक. प्रुइटबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्या हातातल्या उरलेल्या पावाकडे पाहिलं. ट्रूडीला आता लगेच घेता येणार नव्हतं. तिसऱ्या प्रहरापर्यंत पोट रिकामं होईल, पण त्यापुढचेही सगळे नंबर दिलेले होते. कोणी आलं नाही तर बघू, त्या म्हणाल्या. ट्रूडीचा सकाळचा नंबर ऐन वेळी आलेल्या एका मांजराला गेला.

ओटिलिया मला एक अक्षर बोलल्या नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसल्या, ट्रूडीला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानामागे खाजवत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. चांगल्या माणसाने शिव्या घातल्या नाहीत की त्रास जास्त होतो, आणि मला त्या दिवशी त्रास होणं योग्यच होतं.

मी नंबर मिळवायला निघालो. शेतकऱ्याच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, इतक्या लांबून पुन्हा कोण येणार. डाकवाला म्हणाला, माझी कुत्री आधीच गाडीत गेली. शेवटी क्लीटसकडे गेलो. म्हटलं, बूमरचं काय एवढं घाईचं आहे, पुढच्या खेपेला करू.

क्लीटस म्हणाला, "सकाळी तूच म्हणालास, लाज वाटली पाहिजे. मला वाटली. आता परत देता येत नाही." लगेच त्याने सल्ला दिला, "तू असं कर, पुढच्या वेळी एप्रन घातल्यावर हातात खायला काही घेऊ नकोस."

दुपार कलली. माणसं जेवली, भूल उतरत आलेली कुत्री टॉवेलात गुंडाळून हॉलभर निजवली होती, आणि ओटिलिया त्याच खुर्चीत बसून होत्या. त्यांनी बर्निसचं जेवणसुद्धा परत पाठवलं. हॉलच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं आणि बर्निस त्याबद्दल माझ्याकडेच रोखून बघत होती.

अशात दारातून लॉरेटा आली. हातात साखळी, साखळीला कैसर, आणि कैसरच्या गळ्यात शेवटचा नंबर.

"हे काय?" मी म्हणालो.

"त्याच रविवारी नाव नोंदवून नंबर घेतला. तुझं भाषण संपल्या संपल्या."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुझा गुडघा दुखायला लागला असता." ती एप्रनकडे बघून म्हणाली, "आणि तू तर सगळ्या गावाला पटवतोयस. म्हटलं घरच्यालाही पटलंच असेल."

क्लीटस, बर्निस, डाकवाला, सगळे जवळ सरकले. हॉलभर पसरलेली कैसरची लेकरं अर्धवट गुंगीत माना वर करून बघू लागली. बापाचं स्वागत असं फार थोड्यांचं होत असेल. कैसरने मात्र माझ्याकडे पाहिलं, ट्रूडीने सकाळी पाहिलं होतं तसं. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कैसरचा नंबर ट्रूडीला दिला तर ट्रूडी ओटिलियांबरोबर जाईल, सकाळचं पाप धुऊन निघेल, आणि कैसरही सुटेल. सुंठीवाचून खोकला जात होता.

मी घसा साफ केला. कैसरच्या गळ्यातला नंबर सोडला, हॉलच्या मधोमध चालत गेलो आणि तो ट्रूडीच्या गळ्यात बांधला. म्हणालो, "ओटिलिया, चूक माझी होती. तिची भरपाई माझ्या कुत्र्याने करावी, हेच योग्य. माझी फार इच्छा होती की कैसरचं आज व्हावं. पण शेजारधर्म मोठा आहे." आवाज किंचित कापला. तो मी मुद्दाम कापवला नव्हता, आनंदाने कापला.

ओटिलियांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बर्निसने डोळ्यांना एप्रन लावला. क्लीटससुद्धा म्हणाला, "मोठ्या मनाचा आहेस, बेट्झ." लॉरेटा काही बोलली नाही. ट्रूडी गाडीत गेली. मी कैसरच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो, आणि खरं सांगतो, इतकी मनःशांती मला निवृत्तीच्या समारंभातही लाभली नव्हती.

बऱ्याच वेळाने प्रुइटबाई बाहेर आल्या. ट्रूडी ठीक होती. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "मी इतकी शिबिरं केली, पण या भागातल्या पुरुषाने कुत्र्याच्या ऑपरेशनची इतकी मनापासून इच्छा धरली आणि तरीही जागा सोडली, असं कधी पाहिलं नाही. सकाळी मी मनात तुम्हाला नावं ठेवली. माफ करा."

"त्यात काय," मी म्हणालो.

"नाही, नाही. असल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणं माझ्या जिवावर आलंय. आम्ही अर्धा तास जास्त थांबतो. नराचं काम काय, पटकन होतं." त्यांनी हात पुढे केला. "आणा त्याला."

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. मी म्हणालो की डॉक्टर दमल्या असतील. त्या म्हणाल्या, मुळीच नाही. मी म्हणालो की नियम म्हणजे नियम. क्लीटस म्हणाला, "तुझ्यासाठी मोडू रे." मी गुडघ्याला हात लावला. तोवर लॉरेटाने साखळी प्रुइटबाईंच्या हातात दिली होती, आणि आता ती टाळ्या वाजवत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गाडीच्या पायऱ्या चढताना कैसरने एकदा मागे वळून पाहिलं. माणसं माझ्या पाठीवर थापा मारत होती, त्यामुळे मला त्याच्या डोळ्यांत नीट बघता आलं नाही.

सगळे पांगल्यावर दोन्ही कुत्री टॉवेलात गुंडाळून शेजारी शेजारी निजवली होती. कैसरची जीभ एका बाजूला लोंबत होती. टॉवेल सरकला तेव्हा पोटावरची हिरवी रेघ दिसली. पास झाल्याची खूण. मी आणि ओटिलिया खुर्च्या ओढून तिथे बसलो होतो.

त्या हळूच म्हणाल्या, "ऑथमार, तुझा चेहरा मी कुंपणावरून आयुष्यभर बघत आलेय. तू दान करत नव्हतास. पळ काढत होतास."

मी एप्रनच्या खिशातल्या पिशव्या मोजू लागलो.

"पण ट्रूडी माझ्याबरोबर येतेय," त्या म्हणाल्या आणि ट्रूडीचा टॉवेल नीट केला. "आणि सकाळी खोटं बोलता येत असताना तू बोलला नाहीस. म्हणून न्यू वाइलरमध्ये मी हे कुणाला सांगणार नाही."

सोमवारी त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. ट्रूडी पुढच्या सीटवर, ओटिलियांच्या मांडीवर. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी काच खाली घेतली आणि म्हणाल्या, "तिकडे बायका संध्याकाळी गप्पा मारत बसतात म्हणे. आणि ते काही न्यू वाइलर नाही." हसल्या, आणि गाडी गेली. कुंपणापलीकडचं घर रिकामं दिसू लागलं. त्या घराकडे बघायची इतकी सवय झाली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

कैसर गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं घालून कुंपणाशी उभा होता. ट्रूडीच्या दिशेने निघाला, नरसाळं फळ्यांना आदळलं, तसा तिथेच खाली बसला आणि माझ्याकडे बघू लागला. या वेळी मी नजर चुकवली नाही. त्याला घरात नेलं, फ्रिजमधून एक सॉसेज काढलं, अर्धं मोडलं, आणि द्यायच्या आधी लॉरेटाला हाक मारून विचारलं, चालेल का म्हणून.